सॅक्सोफोनचं तोंड कुणी नेलं?

१

लाओ थोंगचा सॅक्सोफोन जागेवर होता. गळ्यात अडकवायचा पट्टा होता, पेटी होती, पेटीतला पुसायचा रुमालसुद्धा होता. नव्हतं ते फक्त तोंड. वाजवणारे त्याला माउथपीस म्हणतात. ते बोटभर लांबीचं काळं नळकांडं नसेल, तर बाकीचं सगळं पितळ फुलदाणीच्याही कामाचं उरत नाही.

दुपारच्या जेवणानंतर थोंगनं वाद्य जोडून 'जुना पंखा' क्लबच्या मागच्या खोलीत स्टँडवर ठेवलं होतं आणि खोकला फार होतोय म्हणून तो वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या कोचावर आडवा झाला होता. आवाजाची तपासणी करायला खाली आला तो हे पाहायला. त्यानं आरडाओरडा केला नाही. दारात उभं राहून एकेकाला हाक मारली आणि सगळे जमेपर्यंत तो भिंतीकडे बघत राहिला.

डबल बेस वाजवणारी यान च्युलिंग आली, पियानोवाला पेइ आला, क्लबच्या मालकीण आउबाई हात पुसत आल्या. ड्रम वाजवणारा आ-हुंग सगळ्यात शेवटी, मागच्या गल्लीतून, घामाघूम होऊन आला आणि दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून उभा राहिला.

"सकाळी म्हणालास, बँड सोडतो," थोंग त्याला म्हणाला. "दुपारी हे. एका दिवशी एकच घाव घालायचास ना, बाबा."

आ-हुंगनं हात खिशात आणखी खोल सारले.

"आठ वाजता इथं लोक येऊन बसतील. तोवर ती वस्तू परत आली तर ठीक. नाही आली, तर मी पेटी उचलून स्टेशन गाठणार. आणि ह्या माणसाबरोबर ह्या जन्मात पुन्हा स्टेजवर बसणार नाही."

पेइनं घसा साफ केला. आउबाईंनी तिकिटं सगळी खपल्याचं पुटपुटून पाहिलं. आ-हुंगनं थोंगकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि आला तसा मागच्या दारानं बाहेर निघून गेला. आता चोर कोण, हे विचारायची कुणाला गरजच वाटेना.

यानताईला मात्र वाटली. तिला बँडमध्ये सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नाही.

२

लाओ थोंग आणि आ-हुंग हे दोघं एकमेकांना इतकी वर्षं ओळखत होते, की भांडण कशावरून सुरू झालं हे भांडता भांडताच विसरायचे. थोंग उत्तरेकडचा, तिआनजिनचा, पन्नाशी उलटलेला. आ-हुंग इथलाच, ग्वांगझूच्या मातीतला. शांघायमध्ये जॅझ ऐकायला मोजकी परदेशी माणसं यायची, त्या काळात एका हॉटेलच्या तळघरात दोघं भेटले आणि तेव्हापासून एकत्र वाजवत आले. थोंग सूर कुठे नेणार हे थोंगच्या आधी आ-हुंगला कळायचं. यानताई तर म्हणायची, की ह्या दोघांच्या मध्ये उभं राहून वाजवणं म्हणजे नवराबायकोच्या घरी पाहुणं म्हणून राहणं आहे.

ह्या खेपेचा दौरा वुहानपासून सुरू झाला. तिथं त्यांना एका मॉलमध्ये, बर्फावर घसरायच्या रिंगणाशेजारी वाजवायला लावलं होतं. लोक पिशव्या खाली ठेवून, फोन डोक्यावर धरून ऐकत उभे राहिले. एक आजी-आजोबा हातात हात घालून नाचले आणि थोंगनं एरवी कधी न वाजवलेली जुनी शांघायची चाल फक्त त्यांच्यासाठी वाजवली. पण वातानुकूलनाचा झोत नेमका त्याच्या छातीवर होता. खोकला लागला तो तिथेच. चांगशाला पुस्तकांच्या दुकानात कार्यक्रम होता. पोरं जमिनीवर मांड्या घालून बसली आणि अगदी श्वास रोखून ऐकत राहिली, आणि त्या शांततेत थोंगचा खोकला कार्यक्रमाइतकाच ऐकू आला.

गाडीत खोकला, हॉटेलात खोकला. आ-हुंग म्हणायचा डॉक्टरकडे चल, थोंग म्हणायचा तू तुझे ड्रम बघ. प्रत्येक स्टेशनवर यानताई आपल्या माणसाएवढ्या वाद्यासाठी तपासणीवाल्यांशी हुज्जत घालायची आणि प्रत्येक स्टेशनवर ही दोघं तिला मदत करायचं सोडून आपसातच हुज्जत घालायची. छोट्या पेइनं एकदा चिडून थोंगला सांगितलं होतं, की तुमचा तो माउथपीस जुनाट झालाय, शिट्ट्या मारतो, आता त्याला म्युझियमात ठेवा. थोंगनं त्यावर दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तो माउथपीस त्याच्या गुरूनं त्याला दिलेला. थोंग त्याला दुसऱ्या कुणाचा हातही लागू द्यायचा नाही.

आज सकाळी ते ग्वांगझूला उतरले आणि आ-हुंग सगळ्यांना त्याच्या नेहमीच्या चहाघरात घेऊन गेला. टेबलावर भांडी आली. ह्या गावच्या माणसाला जेवायला बसल्यावर आपली वाटी, पेला, चमचा उकळत्या चहानं विसळल्याशिवाय घास जात नाही. आ-हुंगनं नेहमीप्रमाणे आधी थोंगची भांडी ओढून घेतली, चहा ओतला, फिरवला, मोठ्या वाडग्यात रिकामा केला, मग स्वतःची घेतली. धुतलेलं परत धुवायचं तर हॉटेलात कशाला यायचं, हे थोंगचं ठरलेलं वाक्यही झालं. आणि मग, वाफवलेल्या कोळंबीची परडी उघडत, आ-हुंगनं सांगून टाकलं की हा त्याचा शेवटचा दौरा. फोशानच्या एका शाळेत मुलांना ड्रम शिकवायची नोकरी धरली आहे.

थोंग म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला आणि कोळंबी खाल्ली. मग क्लबवर येईपर्यंत कुणीच कुणाशी बोललं नाही.

३

यानताईनं मागची खोली पाहायला घेतली. खोली लहानशी, एकच खिडकी, तीही बंद. मार्च महिना होता, दक्षिणेची ओली हवा सुटली होती आणि ह्या दिवसांत इथल्या भिंतींना माणसासारखा घाम येतो. यानताई शेनयांगची, थंड कोरड्या मुलखातली. तिनं सवयीनं खिडकीला हात घातला तशा आउबाई दारातूनच ओरडल्या की खिडकी उघडू नका, आहेत त्या भिंतीही वाहून जातील. यानताईनं हात मागे घेतला. पण खिडकी उघडावीशी तिला का वाटली, ह्याचाच ती विचार करायला लागली. खोलीत वास होता.

तसा वास दौऱ्यात नवा नव्हता. पेइनं चांगशाहून मित्रांसाठी आंबवलेल्या काळ्या टोफूची पाकिटं घेतली होती आणि तेव्हापासून जरा काही कुजका वास आला की सगळे पेइकडे बघायचे. आताही आउबाईंनी नाक मुरडून त्याच्याच पिशवीकडे बोट दाखवलं.

सॅक्सोफोनच्या शेजारी, टेबलावर, एक कागदी रुमाल चौकोनी घडी करून ठेवलेला होता. त्यावर वेताची पातळ पत्ती, जिच्या थरथरण्यानं सूर निघतो ती, आणि पत्ती आवळून धरायची पितळी पट्टी. दोन्ही शेजारी शेजारी, नीट. पत्तीचं नाजूक टोक कशाला लागू नये म्हणून रुमालाची कड दुमडून वर घेतलेली.

यानताई त्या रुमालापुढे बराच वेळ वाकून उभी राहिली. चोराला घाई असते. त्यानं माउथपीस पत्ती-पट्टीसकट उपटून खिशात घातला असता. थोंगवर राग असलेल्यानं आधी पत्तीच मोडली असती, ती तर नखानं मोडते. इथं कुणीतरी एकेक भाग सोडवला होता आणि झोपलेल्या मुलाचा चष्मा काढून ठेवावा तसा अलगद ठेवला होता.

खोलीच्या कोपऱ्यात चहाचं तबक होतं. विजेची किटली, चहादाणी, चार पेले, उष्टं पाणी टाकायचं मोठं वाडगं. किटलीला तिनं हात लावून पाहिला. कोमट होती. पेले पालथे आणि ओले होते. चहादाणी उघडून पाहिली तर आतून कोरडी ठणठणीत, चहाची पूड नाही की पान नाही. म्हणजे कुणीतरी पाणी उकळलं, पेले विसळले आणि चहा न करताच निघून गेलं. वाडगंही धुऊन पालथं घातलेलं होतं. तबकाच्या कडेला, काळपट, सुरकुतलेलं सालीसारखं काहीतरी पडलं होतं. कचरा समजून ते तिनं उचललं आणि कचरापेटी दिसली नाही म्हणून खिशात टाकलं.

पेइ स्टेजवर पियानोशी बसला होता. तो शांघायचा, परदेशात शिकून आलेला, जिभेला धार होती पण मनानं कच्चा होता.

"ताई, मला विचारायला आलात ना?" तो म्हणाला. "विचारा. मी दुपारभर इथेच होतो. कानात हेडफोन होते. मागून हत्ती गेला असता तरी कळलं नसतं."

"तू म्हणाला होतास, तो म्युझियमात ठेवा."

"म्हणालो होतो. पण मला माउथपीस चोरून काय मिळणार? त्यांच्याकडे पेटीत दुसरा आहे, पत्र्याचा. तो लावला की ते आणखी वाईट वाजवणार, आणि पियानोवर मीच बसलेला असणार."

ह्यात तथ्य होतं. यानताईनं त्याची पिशवी मागितली. पेइ लाजला, पण दिली. टोफूची पाकिटं एकावर एक रचलेली होती, एकही फोडलेलं नव्हतं, शिवणीवर बोट फिरवून पाहिलं तर हवाबंद. पिशवीत डोकं घालून तिनं वास घेतला. साबणाचा वास आला.

मग मागच्या खोलीतला वास कुठला?

ती परत गेली आणि कुत्र्यासारखी नाक पुढे करून खोलीभर हिंडली. सॅक्सोफोनपाशी काही नाही. पेटीपाशी काही नाही. पालथं वाडगं उचललं आणि तिला ठसका लागला. धुतलेल्या, रिकाम्या वाडग्याला नासक्या अंड्याचा वास येत होता.

४

आता राहिल्या आउबाई.

आउबाईंवर संशय घ्यायला जागा होती, ती त्यांच्याच भिंतीवर. 'जुना पंखा'च्या पुढच्या दालनात एक अख्खी भिंत त्यांनी येऊन गेलेल्या वादकांच्या वस्तूंनी भरली होती. कुणाची टोपी, कुणाचा तुटलेला झांजेचा तुकडा, कुणाचे बूट. मागच्या वर्षी त्यांनी थोंगकडे तो माउथपीस मागितला होता, थट्टेनं, पण दोनदा.

आउबाई भिंतीवरचा घाम फडक्यानं टिपत होत्या. काम न थांबवता त्यांनी यानताईचा प्रश्न ऐकून घेतला.

"मागितला होता, खरंय. पण अहो, मला वस्तू भिंतीवर टांगायला हव्या असतात. चोरलेली वस्तू मी टांगणार कुठे? कपाटाच्या आत?"

"दुपारी कुठे होतात?"

"इथंच. बिअरवाला आला होता, त्याच्याशी घासाघीस करत होते. विचारा हवं तर. अजून दम खातोय तो कोपऱ्यावर."

"मागच्या खोलीत चहा करायला कोण गेलं होतं?"

"मी नाही. आज कुणी प्यायला चहा? सगळे तर तोंडं फुगवून बसले होते."

यानताईनं खिशातला काळपट तुकडा काढला आणि हा तुमचा कचरा का, असं विचारलं. आउबाईंनी फडकं खाली ठेवलं. तो तुकडा दोन बोटांत धरून नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. हा कचरा नव्हे, त्या म्हणाल्या, ही वाळवलेली संत्र्याची साल. आणि माझ्याकडची नव्हे, माझ्याकडे इतकी जुनी नाही. ही कुणाच्या तरी आईनं वर्षानुवर्षं बरणीत जपलेली आहे. इथं घरोघरी खोकल्याला हिचं पाणी देतात, पण एवढी जुनी साल काही कुणी स्वतःसाठी बरणीतून काढत नाही. घरात कुणी खरंच आजारी असलं तरच काढतात.

यानताईनं साल परत खिशात ठेवली. माउथपीस नाहीसा झाला त्याच दुपारी, त्याच खोलीत, कुणीतरी थोंगच्या खोकल्यासाठी पाणी उकळत होतं. घाव घालायला आलेला माणूस औषध घेऊन येत नाही.

तिची नजर भिंतीवर गेली. मधोमध, काचेच्या पेटीत, एक जुनी क्लॅरिनेट होती. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या होत्या.

"यजमानांची?"

"हो. तीस वर्षं वाजवली. आता मी सांभाळते. हिचंही तोंड तसल्याच कडक काळ्या रबराचं आहे हो, थोंगसाहेबांच्यासारखं. मोठं नखरेल रबर. ऊन दाखवायचं नाही, गरम पाणी तर लावायचंच नाही, असं बजावून गेलेत."

"लावलं तर काय होतं?"

"एकदा मीच नवी नवरी असताना लावलं होतं की. काळ्याचं शेवाळी होतं, आकार वाकडा होतो. आणि त्या रबरातलं गंधक सुटतं ना, मग घरभर वास सुटतो, नासक्या..."

आउबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या.

५

आता यानताईला पुढचं कोडं सोडवायला कागदही नको होता. पेले विसळणारा माणूस ह्याच गावचा. थोंग, पेइ आणि ती स्वतः, तिघांनाही ती सवय नाही. उरल्या आउबाई आणि आ-हुंग. आउबाईंना गरम पाण्याचा चटका आधीच बसलेला, ती चूक त्या दुसऱ्यांदा करणार नाहीत. आणि ज्यानं आयुष्यभर फक्त काठ्या हातात धरल्या, फुंकायच्या वाद्याला कधी ओठ लावला नाही, त्याला रबराचे नखरे कुठून ठाऊक असणार?

आ-हुंग मागच्या गल्लीत, वडाच्या पारावर बसला होता. शेजारी म्हातारे बुद्धिबळ खेळत होते आणि तो पटाकडे बघत होता, पण एका म्हाताऱ्यानं भलतीच चूक केली तरी त्याला कळलं नाही. यानताई त्याच्याजवळ बसली. तिनं संत्र्याची साल त्याच्या गुडघ्यावर ठेवली.

"आईची?" तिनं विचारलं.

त्यानं सालीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

ती हळूच बोलत गेली. तू त्याला सालीचं पाणी करायला गेलास. सकाळचं 'बरं' तुझ्या मनातून जात नव्हतं, म्हणून. पाणी उकळलं, पेले विसळलेस, आणि मग सॅक्सोफोनकडे तुझं लक्ष गेलं. वुहानपासून हा माणूस खोकतोय आणि रोज तीच नळी तोंडात घालतोय. तू त्याची वाटी, चमचा रोज विसळतोस. हेही विसळलंस.

"वाडग्यात ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं," आ-हुंग म्हणाला. "म्हटलं, जरा मुरू दे. पाच मिनिटांनी बघतो तर रंग बदललेला. आणि तो वास." त्यानं खिशातून हात काढला. मुठीत माउथपीस होता, शेवाळलेल्या दगडाच्या रंगाचा. "वाद्यांच्या बाजारात पळत गेलो. सगळी दुकानं पालथी घातली. हे असलं आता बनतच नाही म्हणे. एकानं तर हसून विचारलं, काका, उकडून खाणार होता का?"

यानताईला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर चोर म्हणवून घेतलंस."

"सकाळी मी सांगितलं, सोडून जातो. दुपारी सांगू, की तुझ्या गुरूची वस्तू माझ्या हातून चुकून खराब झाली? चुकून? तुम्ही तरी ठेवला असता विश्वास?" त्यानं माउथपीस पुन्हा मुठीत दाबला. "आणि ताई, चोर समजला तर तो मला शिव्या देईल. हे असं झालेलं कळलं तर तो रडेल. त्याच्या शिव्यांची मला सवय आहे."

पारावरचा खेळ संपला, म्हातारे सोंगट्या गोळा करायला लागले. यानताई उठली. आपण कुणाला काही सांगणार नाही, ती म्हणाली, कारण हे सांगायचं काम तिचं नव्हतंच. पण आत माणूस पेटी भरतोय, आणि तो एकदा गाडीत बसला की मग हे दोघं म्हातारे होईपर्यंत एकमेकांचं नाव घेणार नाहीत, एवढं तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं ते तसंच तोंडावर सांगितलं.

आ-हुंग जागचा हलला नाही. यानताई एकटीच दाराशी पोचली. तिनं दार उघडलं, तेव्हा मागून पावलं ऐकू आली.

६

थोंग खरोखरच पेटीची कुलपं लावत होता. आ-हुंगनं काही न बोलता माउथपीस त्याच्यासमोर धरला.

थोंगनं तो घेतला, दिव्याखाली फिरवून पाहिला, नाकाशी नेला. वाजवणाऱ्याला सांगावं लागलं नाही. त्यानं पत्ती चढवली, पट्टी आवळली, फुंकून पाहिलं. बदकाच्या गळ्यात काटा अडकावा तसा आवाज आला आणि खालचे सूर तर आलेच नाहीत. त्यानं सगळं पुन्हा सोडवलं आणि त्याच कागदी रुमालावर ठेवलं. दारात आउबाई आणि पेइ येऊन उभे राहिले होते. यानताईनं त्यांना हातानं थोपवून धरलं.

"उकळतं?" थोंगनं विचारलं.

"उकळतं."

"कशाला?"

"तू खोकतोस."

थोंगला लगेच खोकला आला. तो थांबेपर्यंत आ-हुंग तिथेच ताटकळत उभा राहिला. मग थोंग खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे पुसले. खोकल्यानं आलेलं पाणी होतं की दुसरं, हे यानताईनं चौकशी न करता सोडून दिलं.

"चोर म्हणालो मी तुला," थोंग म्हणाला.

"म्हणालास."

"नाही म्हणायचं ना मग."

"तू ऐकून घेणार होतास?"

थोंगनं मान हलवली, नाही. गुरूला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. ह्या माउथपीसचा सूर गेली काही वर्षं बिघडत चालला आहे हे त्यालाही कळत होतं, आणि पेइनं बोलून दाखवलं म्हणूनच त्याला राग आला होता. हे सगळं त्यानं त्या खुर्चीतच, पेइला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. पेइनं बुटांकडे पाहिलं. मग थोंगनं असा प्रश्न विचारला, जो यानताईनं दुपारभर इतक्या चौकशा करूनही कुणाला विचारला नव्हता.

"तू का चाललास?"

आ-हुंगला हे अपेक्षित नव्हतं. नोकरी चांगली आहे, बायकोला बरं वाटतं, पाठ दुखते, असं काहीबाही त्यानं सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं.

"मी तुला सकाळी सांगितलं ना," तो म्हणाला, "तेव्हा शाळेला होकार कळवला नव्हता. तू 'बरं' म्हणालास. मग चहाघरातून बाहेर पडल्यावर कळवला."

थोंगनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या दुपारी माउथपीस खराब झाला ती चूक आ-हुंगची, पण दुसरी आणि मोठी चूक कुणाची, हे सांगायला आता कुणाची गरज नव्हती.

शाळेला दिलेला शब्द मोडता येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्यावर चर्चा झाली नाही. आउबाईंनी सालीचं पाणी करून आणलं. थोंगनं ते तोंड वाकडं करत प्यायलं आणि पेटीतला पत्र्याचा माउथपीस काढून त्यावर पत्ती चढवायला घेतली.

आठ वाजता 'जुना पंखा' भरला. माणसं जिन्यावरही बसली होती आणि भिंतीला टेकणाऱ्यांच्या पाठी ओल्या होत होत्या. पत्र्याच्या माउथपीसमधून थोंगचा सूर कर्कश यायचा, तो नको तिथे टोचायचा, आणि पहिली दोन गाणी तर तो त्या सुराशी नुसता भांडत होता. तिसऱ्या गाण्यात आ-हुंगनं काठ्या ठेवून तारांचे कुंचे उचलले, हलक्या हातानं कातडं घासायला लागला, आणि त्या मऊ आवाजाशेजारी थोंगचा तो खरखरीत सूर पहिल्यांदा जरा सरळ बसला. पेइनं मान वर करून यानताईकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

गाणं संपल्यावर थोंग माइकपाशी गेला. हे कधी घडत नसे. इतक्या वर्षांत त्यानं स्टेजवर तोंडातून शब्द काढला नव्हता, वादकांची नावं नेहमी पेइच सांगायचा. थोंगनं पियानोवाल्याचं नाव सांगितलं, बेसवालीचं सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो अर्धवट मागे वळला.

"ड्रमवर आ-हुंग. हा आता बँड सोडून फोशानला चाललाय." माइकमध्ये त्याचा श्वास ऐकू आला. "मला ते मुळीच आवडलेलं नाही. सकाळी सांगायचं राहिलं."

लोकांना वाटलं, विनोद आहे. ते मनापासून हसले. आ-हुंगनं मान वर केली नाही. त्यानं काठ्या एकमेकींवर आपटून पुढच्या गाण्याची लय मोजून दिली आणि ती इतकी जलद दिली की यानताईला पहिल्या सुरापासूनच त्याच्या मागे धावावं लागलं.